स्ट्रॅडीची पंधरा माणसं

14 जून 2022, लानेली, वेल्स

रविवारी फिल बेनेट गेला. वय 73. दोन दिवस गावात दुसरा विषय नाही. आज बाजारात कॉकल्स आणायला गेले होते. इथल्या तिसऱ्याच त्या, समोरच्या खाडीच्या वाळूतून काढलेल्या. विकणारी बाई माप हातात धरून तशीच उभी होती आणि गिऱ्हाइकालाही घाई नव्हती. एकीचा भाऊ त्याच्याबरोबर शाळेत होता, दुसरीच्या मुलाला त्यानं वेलिनवॉइलच्या रस्त्यात थांबून सही दिली होती. मीही मध्ये बोलले. इतकी वर्षं या गावात काढल्यावर तेवढा हक्क मला आहे.

संध्याकाळी ठाण्याहून भाचीचा फोन. ‘मावशी, आवाज का असा येतोय?’ म्हणाली. सांगितलं, आमच्या गावचा एक खेळाडू गेला. तिला नाव माहीत असायचं कारण नव्हतं. मग बसून नीट सांगितलं.

रग्बीत एका बाजूला पंधरा माणसं. आठ पुढची, अंगानं भारी, चेंडू मिळवणारी. सात मागची, चेंडू घेऊन पळणारी. चेंडू हातानं फक्त मागे द्यायचा, पुढे जायचं ते स्वतः पळत किंवा लाथ मारून. समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय. फिल पुढच्या-मागच्यांच्या मधोमध उभा राहायचा, दहा नंबरला. तिथला माणूस ठरवतो चेंडूचं काय करायचं, आणि ठरवायला त्याला एका श्वासाइतका वेळ मिळतो.

आम्ही इथे आलो ते सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. हे भूलतज्ज्ञ, मी पुढे जनरल प्रॅक्टिसमध्ये. साउथ वेल्सच्या खाणींच्या आणि कारखान्यांच्या गावांतले कितीतरी दवाखाने तेव्हा हिंदुस्थानातून आलेल्या डॉक्टरांच्या भरवशावर चालायचे. पहिल्याच हिवाळ्यात हॉस्पिटलातला एक पोर्टर आम्हाला दोघांना स्ट्रॅडी पार्कला घेऊन गेला. टॅनर बँक नावाच्या कडेच्या उभ्या जागेत आम्ही उभे राहिलो. कधीकाळी सहा पेन्सांत, म्हणजे एका टॅनरमध्ये, तिथे शिरता यायचं. गोलच्या खांबांच्या टोकांवर लाल पातेली बसवलेली. हे पत्र्याचं गाव, भांड्यांचं गाव, आणि ‘सोस्बन वाख’ हे पातेल्याचं गाणं म्हणजे इथलं रणगीत. मला काही कळत नव्हतं. पण आमच्यापासून चार पावलांवर फिलला चेंडू मिळाला आणि तो थेट एका धिप्पाड माणसाच्या अंगावर निघाला. शेवटच्या क्षणी खांदा डावीकडे टाकला. त्या माणसाचं सगळं वजन त्या बाजूला गेलं, आणि फिलनं डावा पाय रोवून उजवीकडून वाट काढली. समोरचा गुडघ्यावर बसला. त्याला कुणी ढकललंही नव्हतं. ह्यांनी माझा दंड इतका आवळला होता की दुसऱ्या दिवशी दुखत होता.

वेल्ससाठी तो 29 सामने खेळला, वेल्सचा आणि ब्रिटिश लायन्सचा, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित संघाचा, कप्तान झाला, लानेलीसाठी चारशेहून अधिक वेळा मैदानात उतरला. शाळा सुटल्यावर पोलाद कारखान्यात कामाला होता. वेलिनवॉइल सोडून कुठे राहायला गेला नाही. 1973 च्या जानेवारीत कार्डिफला बार्बेरियन्स संघाकडून खेळताना स्वतःच्या गोलरेषेजवळ त्यानं न्यूझीलंडच्या माणसांना एकामागून एक चकवलं आणि त्यातून गॅरेथ एडवर्ड्सचा तो ट्राय झाला, तो जगभर पाहिला जातो. त्या एका ट्रायमध्ये चेंडू सात जणांच्या हातून गेला, त्यातले तिघं लानेलीचे: फिल, टॉम डेव्हिड, डेरेक क्विनेल. भाचीला तो पाहायला सांगितलाय.

26 जून

शेजारचे काका आज अंगणात बसले होते, मीही खुर्ची ओढली. नव्वदीला आलेत. ट्रोस्ट्रेच्या पत्र्याच्या कारखान्यात सारी नोकरी काढली. आता तो कारखाना टाटांचा आहे आणि काकांच्या तोंडून ‘बॉम्बेचे लोक’ असा उल्लेख आला की मला जरा बरं वाटतं. कानांना ऐकू कमी येतं, पण 31 ऑक्टोबर 1972 बद्दल विचारलं की पुढचा अर्धा तास आपण बोलायचं नाही.

क्लबचं ते शंभरावं वर्ष होतं. न्यूझीलंडचा संघ, ऑल ब्लॅक्स, दौऱ्यावर आलेला. मंगळवार होता. काकांनी रात्रपाळी घेतली होती आणि सकाळी न झोपता ते थेट मैदानाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. आत वीस हजार माणूस. खेळ सुरू होऊन काही मिनिटं झाली असतील, फिल बेनेटनं लांबून पेनल्टी मारली. चेंडू गोलच्या आडव्या दांड्याला लागून मैदानात परत आला. न्यूझीलंडच्या लिन कॉलिंगनं तो पकडून बाहेर मारायला पाय उचलला, तोवर रॉय बर्जियर्स त्याच्या अंगावर पोहोचला होता. लाथ त्याच्या अंगावर आदळली, चेंडू रेषेपलीकडे गेला, आणि बर्जियर्स त्याच्यावर पडला. ट्राय. आदल्याच वर्षी ट्रायचे गुण तीनाचे चार झाले होते. ट्रायनंतरची लाथ खांबांमधून घालून फिलनं वरचे दोन मिळवले. सहा-शून्य.

ते नशीब होतं असं म्हणणारे मला भेटलेत. मला ते पटत नाही. चेंडू दांड्याला लागला हे नशीब असेल. पण चेंडू खांबांमधून जाईल असं धरून सगळे उभे राहतात आणि एक माणूस तरीही पुढे पळत सुटतो, हे नशीब नाही. ते कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं, आणि सरावात शंभर वेळा करून घेतलेलं असतं. सांगणारे होते प्रशिक्षक कार्विन जेम्स. आदल्या वर्षीच लायन्स संघाला घेऊन ते न्यूझीलंडला गेले होते आणि मालिका जिंकून आले होते. लायन्सनी तिथे मालिका जिंकली ती तेवढी एकदाच. म्हणजे ऑल ब्लॅक्स हरू शकतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दौऱ्यावरचे डेल्मी टॉमस, डेरेक क्विनेल आणि चिको हॉपकिन्स आता या संघात होते.

न्यूझीलंडच्या करमनं एक पेनल्टी घालून सहा-तीन केले. मग किती तरी वेळ काहीच झालं नाही. काकांच्या सांगण्यात हा भाग सर्वांत लांब असतो, आणि मलाही तो सर्वांत आवडतो. ऑल ब्लॅक्स येत राहिले आणि लानेलीवाले त्यांना पाडत राहिले. गुण नाहीत, पळणं नाही. नुसतं पाडणं, उठणं, पुन्हा पाडणं. काकांना शेजारी उभा असलेला माणूस आठवतो, त्यानं टोपी चावून चावून तिच्या कडेचा चोथा केला होता. शेवटाकडे अँडी हिलनं फार लांबून पेनल्टी मारली. नऊ-तीन.

डेल्मीला खांद्यावर घेतलं गेलं. गावातली बिअर संपली, आणि हे खरं आहे. वेलिनवॉइलची ब्रुअरी गावाच्या वेशीवर असूनही संपली. (बिअर डब्यात भरायचं युरोपात पहिल्यांदा याच ब्रुअरीनं केलं, 1935 मध्ये. पत्र्याच्या धंद्याला बरे दिवस यावेत म्हणून.) मॅक्स बॉइसनं पुढे त्या दिवसावर रचना केली आणि ‘नऊ-तीन’ हा आकडा वेल्सभर झाला.

काका त्या रात्री पुन्हा पाळीवर गेले. कारखान्यात कुणी काम केलं की नाही ते मात्र सांगत नाहीत.

9 जुलै

नातू आलाय सुट्टीला. वेल्श शाळेत जातो, माझ्याशी मराठीत बोलतो, मध्ये मध्ये अडखळतो, पण सोडत नाही. लानेलीच्या मुलांच्या संघात खेळतो. आज विचारलं, ‘आजी, बहात्तरच्या टीममधले सगळे पंधरा तुला येतात?’

आले. म्हणून दाखवले. रॉजर डेव्हिस. जे. जे. विल्यम्स, रॉय बर्जियर्स, रे ग्रॅव्हेल, अँडी हिल. फिल बेनेट, चिको हॉपकिन्स. टोनी क्रॉकर, रॉय टॉमस, बॅरी लुएलिन. डेल्मी टॉमस, डेरेक क्विनेल. टॉम डेव्हिड, हेविन जेंकिन्स, गॅरेथ जेंकिन्स.

त्याला यातले चार-पाच ठाऊक होते. फिल, ग्रॅव, जे. जे., आणि क्विनेल, तोही त्याच्या मुलांमुळे, कारण तीही मोठी खेळाडू झाली. बाकीचे कोण म्हणाला. मग दुपार त्यातच गेली, आणि आता रात्री लिहिते आहे, कारण काही गोष्टी बोलताना सुटल्या.

डेल्मी टॉमस कप्तान. वीज मंडळाचा लाइनमन. वादळात तारा तुटल्या की खांबावर चढणारा माणूस. वेल्सची टोपी, म्हणजे देशाच्या संघात जागा, मिळायच्या आधीच 1966 मध्ये तो लायन्समधून न्यूझीलंडला जाऊन आला होता. सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत तो बोलला. वेल्ससाठी, लायन्ससाठी जे काही मिळवलं ते सगळं आज हा सामना जिंकण्यासाठी देऊन टाकीन, असं काहीसं. खोलीत मोठमोठे गडी रडले, हे त्यांनीच नंतर सांगितलं. तो मितभाषी होता, म्हणून ते शब्द लागले असणार. नेहमी बोलणाऱ्यानं तेच म्हटलं असतं तर कुणी मान वर केली नसती.

बर्जियर्स आणि जे. जे. शिक्षक. जे. जे. धावपटूही होता, 1970 च्या राष्ट्रकुल खेळांत वेल्सकडून पळाला होता. तोही गेला, दोन वर्षांपूर्वी.

चिको हॉपकिन्सची गोष्ट मी नातवाला दोनदा सांगितली. हा नऊ नंबरचा, स्क्रम-हाफ. त्याच काळात त्याच जागेवर वेल्सकडे गॅरेथ एडवर्ड्स होता, म्हणजे वाट बंदच. 1970 मध्ये ट्विकनहॅमला एडवर्ड्स जखमी झाला आणि शेवटच्या काही मिनिटांसाठी चिको आत गेला. वेल्स मागे होतं. त्यानं एक ट्राय करून दिला, एक स्वतः केला, आणि वेल्स जिंकलं. वेल्सकडून त्याचा तो एकमेव सामना.

आणि रॉय टॉमस, ज्याला सगळे शंटो म्हणायचे. हूकर, म्हणजे स्क्रमच्या, आठ विरुद्ध आठांच्या रेटारेटीच्या, पहिल्या रांगेत मधला. वेल्सच्या राखीव खेळाडूंत तो किती तरी वेळा बसला. तेव्हा कुणी जखमी झाल्याशिवाय राखीव माणूस आत जात नसे, आणि त्याच्या जागेवरचा माणूस कधी जखमी झाला नाही. पोशाख घालून बसायचं, ऐंशी मिनिटं बघायचं, घरी यायचं. टोपी मिळाली नाही. अँडी हिललाही नाही. विंगवरून क्लबसाठी त्यानं गुणांचा ढीग घातला, न्यूझीलंडविरुद्धचा शेवटचा घाव त्याचा, पण वेल्सच्या विंगांवर तेव्हा जेराल्ड डेव्हिस आणि जे. जे. यांच्यासारखे होते.

नातू म्हणाला, ‘म्हणजे ते दुसऱ्या नंबरचे होते?’ मी म्हटलं, नाही. लानेलीत ते पहिल्या नंबरचे होते. ऑल ब्लॅक्सना हरवणाऱ्या संघात पंधरापैकी पंधरा लागतात. देशाची निवड एका जागेवर एकाच माणसाला नेते. गावाचं ऋण पंधरा जणांचं असतं. त्याला पटलं की नाही कोण जाणे. मला पटलेलं आहे आणि ते मी त्याला पुन्हा सांगेन.

20 ऑगस्ट

भाचीनं कालच्या दहीहंडीचे व्हिडिओ पाठवलेत. ठाण्यात यंदा दोन वर्षांनी जोरात झाली. सरकारनं दहीहंडीला साहसी खेळ म्हणून मान्यता दिली म्हणे.

पुन्हा पुन्हा पाहिले. सगळ्यांचा कॅमेरा वरच्या पोरावर. मी खालचा थर बघत होते: एकमेकांच्या दंडात दंड, मान खाली, डोळे मिटलेले, वर काय चाललंय ते दिसत नाही, फक्त वजन येतंय ते घ्यायचं. स्क्रमची पहिली रांग तशीच असते. टोनी क्रॉकर, शंटो, बॅरी लुएलिन. मागून पाच जणांचा रेटा, समोरून न्यूझीलंडचे आठ, आणि या तिघांच्या माना मध्ये. चेंडू मागे गेला की कॅमेरा चेंडूमागे जातो.

मी डॉक्टर असल्यानं मला ते सोमवारी दिसायचे. नामवंत नव्हेत, गावातल्या लहानसहान क्लबांचे पहिल्या रांगेतले प्रॉप आणि हूकर. कान सुजून गोळा झालेला. घासून घासून कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठतं. सुई घालून काढायचं, घट्ट दाबून पट्टी बांधायची, आठवडाभर खेळायचं नाही असं बजावायचं. खेळायचेच. वेळेवर न आलेल्यांचे कान कायमचे आकसून जायचे. डोक्याला मार लागून मिनिटभर भान हरपलं, तरी स्पंजनं पाणी मारून पुन्हा उभं करत. त्याचे परिणाम आता वीस-तीस वर्षांनी दिसताहेत आणि रग्बीचे माजी खेळाडू त्यासाठी कोर्टात उभे आहेत. हा खेळ मला प्रिय आहे, म्हणूनच हे लिहून ठेवते. डोक्याला मार लागला की आता बाहेर काढतात, तपासतात. नातवाच्या संघात तो नियम कडक पाळतात हे मी स्वतः जाऊन विचारून आले.

11 सप्टेंबर

सबंध दिवस पाऊस. कार्विन जेम्स यांच्याबद्दल लिहायचं राहून जात होतं.

केवनएथिन या खेड्यातल्या खाणकामगाराचे चिरंजीव. वेल्श भाषा आणि साहित्य शिकवणारे अध्यापक, कवितेचे मर्मज्ञ, नौदलातल्या सक्तीच्या नोकरीत रशियन शिकलेले. स्वतः दहा नंबरला खेळायचे, पण क्लिफ मॉर्गनच्या काळात जन्मल्यामुळे वेल्सकडून 1958 मध्ये दोनच सामने मिळाले. शंटोचं आणि चिकोचं दुःख त्यांना सांगावं लागत नसणार. माणूस मऊ आवाजाचा, सतत सिगारेट, अंगावर जुनाट त्वचारोग. खेळाडूंवर ओरडायचे नाहीत. प्रत्येकाशी वेगळं बोलायचे. लायन्सना न्यूझीलंडमध्ये आणि लानेलीला स्ट्रॅडीवर जिंकून देणाऱ्या या माणसाला वेल्सचा प्रशिक्षक मात्र कधी होता आलं नाही. संघनिवड आपल्या हाती असावी अशी त्यांची अट होती, ती तेव्हाच्या कारभाऱ्यांना मानवली नाही. ते इटलीत रोविगोला गेले, तिथे अजिंक्यपद मिळवून दिलं. 1983 च्या जानेवारीत ॲमस्टरडॅमच्या एका हॉटेलात एकटेच असताना वारले.

मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो मुख्यतः दुसऱ्या एका दिवसासाठी. 1970 च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेचा गोऱ्यांचा संघ स्ट्रॅडीवर आला. कार्विननी लानेलीच्या संघाची तयारी करून घेतली, कारण ते त्यांचं काम होतं. पण वर्णभेदी देशाचा खेळ मी पाहणार नाही म्हणून सामना चालू असताना ते खोलीतच बसून राहिले. लानेली एका गुणानं हरली. त्याच वर्षी त्यांनी प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रीय पक्षातर्फे लानेलीतून निवडणूक लढवली आणि हरले.

आणि मग 1974. त्या वर्षी भारताचा टेनिस संघ डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. अमृतराज भाऊ ऐन भरात होते. समोर दक्षिण आफ्रिका. भारतानं खेळायला नकार दिला आणि चषक सोडला. आमच्या हॉस्टेलवर त्यावर रात्ररात्र बोलणं झालं होतं. काही मुली हळहळल्या, बहुतेकींची मान ताठ झाली. त्याच वर्षी लायन्सचा संघ, ब्रिटिश सरकारचा विरोध असूनही, दक्षिण आफ्रिकेला गेला. बावीस सामने, एकही हार नाही. त्या संघात फिल बेनेट होता, जे. जे. विल्यम्स होता, बर्जियर्स होता, टॉम डेव्हिड होता. 1980 मध्ये रे ग्रॅव्हेलही गेला.

मी इथे आले तेव्हा याच माणसांसाठी टॅनर बँकवर ओरडले. पुढे कळलं तेव्हा वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं अजून गेलेलं नाही. त्यांना कळत नव्हतं असं म्हणणं खरं होणार नाही. त्यांच्याच पिढीतला वेल्सचा जॉन टेलर 1968 मध्ये तिथे जाऊन आला, डोळ्यांनी पाहिलं, आणि पुन्हा त्या संघाशी खेळणार नाही असं ठरवून त्यानं जागा गमावली. त्यांचे स्वतःचे गुरुजी खोलीत बसून राहिले होते. खेळाडूंना खेळायचं होतं, आयुष्यात एकदाच मिळणारी संधी होती, हे मला समजतं. समजतं म्हणून बरोबर ठरत नाही. फिलवर माझी माया आहे ती हे धरूनच आहे.

ह्यांनी हे वाचलं आणि म्हणाले, ‘नातवाला हेही सांग.’ सांगणार आहे.

24 ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. इथे संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधारू लागतं, तेव्हा पणत्या लागतात. शेजारच्या काकांना करंज्या नेऊन दिल्या. त्यांना आतलं खोबरं आवडतं.

आज फिलचा जन्मदिवस. आणि 2008 मध्ये याच तारखेला स्ट्रॅडी पार्कवर शेवटचा सामना झाला, ब्रिस्टलविरुद्ध. त्या रात्री आम्ही होतो. सामना संपल्यावर लोक निघेचनात. वयस्क माणसं कुंपण ओलांडून गवतावर उतरली. काहींनी खिशातून चाकू काढून मातीसकट गवताचा तुकडा कापून घेतला. माझ्या एका जुन्या पेशंटनं वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेला, बागेत लावला, आणि पुढे प्रत्येक भेटीत त्याची खुशाली सांगायचा. आता तिथे घरं आहेत. संघ गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या मैदानावर, पार्क अ स्कारलेट्सवर, खेळतो. सुबक आहे, बसायला खुर्च्या आहेत, पाऊस अंगावर येत नाही. 2003 पासून मुख्य संघ क्लबाचा नाही, प्रांताचा आहे. व्यावसायिक खेळाडू लांबून येतात, करार संपला की जातात. त्यांना दोष नाही. पण शुक्रवारी तुमचा वीजपुरवठा दुरुस्त करणारा माणूस शनिवारी तुमच्यासाठी खेळतो, ते पुन्हा होणार नाही.

31 ऑक्टोबर

पन्नास वर्षं. रेडिओवर सकाळपासून तोच विषय.

मला आज रे ग्रॅव्हेल जास्त आठवतो. तो गेला तोही 31 ऑक्टोबरला, 2007 मध्ये, त्या विजयाला बरोबर पस्तीस वर्षं झाली त्या दिवशी, स्पेनमध्ये सुट्टीवर असताना. वय अवघं 56. मधुमेहानं त्याच वर्षी पाय काढावा लागला होता, तरी कृत्रिम पायावर उभा राहून हिंडू लागला होता. सामन्यात 21 वर्षांचा, संघातल्या लहानांपैकी. मनिद-अ-गारेगचा. लाल दाढी, रुंद छाती, आणि सामन्याआधी भीतीनं उलट्या करणारा. मी बरा खेळतो ना, असं जो भेटेल त्याला विचारायचा. वेल्श भाषेवर जीव. पुढे रेडिओवर बोलायचा, सिनेमांत काम केलं, आणि आइस्टेथवडमध्ये, म्हणजे इथल्या साहित्य-संगीताच्या वार्षिक मेळ्यात, कवीच्या सन्मानाच्या वेळी मोठी तलवार धरायचा मान त्याचा होता. मला ही गोष्ट फार आवडते. न्यूझीलंडच्या अंगावर चालून जाणारा सेंटर पुढे कवींचा तलवारधारी झाला.

त्याला निरोप स्ट्रॅडीवरच दिला. मैदानाच्या मध्यावर शवपेटी, चहूकडे हजारो माणसं, आणि आम्ही टॅनर बँकच्या बाजूला. आज दुपारी नातवाला घेऊन नव्या मैदानावरच्या त्याच्या पुतळ्यापाशी गेलो. नातवानं फोटो काढला, मग विचारलं, ‘शंटोचा पुतळा कुठे आहे?’

6 नोव्हेंबर

काल कार्डिफला वेल्स न्यूझीलंडकडून 23-55 असं हरलं. वेल्सनं त्यांना शेवटचं हरवलं ते 1953 मध्ये. त्यांना हरवलेले वेल्समधले क्लब चार: स्वान्सी 1935, कार्डिफ 1953, न्यूपोर्ट 1963, लानेली 1972. आता क्लबांशी ते खेळतच नाहीत, म्हणजे चारचे पाच व्हायचे नाहीत.

शेजारचे काका सामना बघायला आमच्याकडे आले होते. मध्यंतरापर्यंत गप्प होते. मग मी आलं घातलेला चहा दिला आणि नातवानं त्यांना शंटोबद्दल विचारलं. तिथून पुढे टीव्हीकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. काकांचं म्हणणं, लाइनआउटला, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकताना, शंटोइतका नेमका चेंडू फेकणारा हूकर त्यांनी पाहिला नाही. फेकायचा तो डेल्मीच्या दोन्ही हातांत. नातवाला काकांनी उशी घेऊन दारापाशी उभं केलं, स्वतः खुर्चीतून फेकून दाखवलं, आणि माझा एक पेला गेला. मग अँडी हिलच्या पेनल्टीवरून वाद निघाला. काका म्हणतात पन्नास यार्डांवरून, हे म्हणतात इतकी लांब नसणार. ह्यांनी ती पाहिलेली नाही, पण त्यामुळे त्यांचं काही अडत नाही. काकांकडे सामन्याचं कार्यक्रम-पत्रक आहे, त्यावर पाठीमागे त्यांनी त्याच दिवशी पेन्सिलीनं जागेची खूण केली होती म्हणे. माळ्यावर कुठेतरी पेटीत आहे. त्यांचे गुडघे शिडी चढायचे नाहीत, तेव्हा पुढच्या शनिवारी नातू जाऊन ती पेटी खाली काढणार आहे.